नदीपारची पेठ

इंग्लंडच्या पश्चिम सरहद्दीकडे, वेल्सच्या डोंगराळ मुलखापासून सुमारे चौदा किलोमीटर अलीकडे, सेव्हर्न नदीने घातलेल्या जवळजवळ पूर्ण अशा वेढ्यात श्रूझबरी हा बाजाराचा जुना कसबा टेकडीवर वसला आहे. आणि त्या वेढ्यात शिरण्यापूर्वी हीच नदी उलट अंगाने आणखी एक वळण घेऊन ज्या जिभेसारख्या भूमीला तीन बाजूंनी कवटाळते, त्या भूमीवर, पुलापलीकडे, फ्रँकवेल हे उपनगर आहे. कसब्याला उंची लाभली, किल्ला लाभला, तटबंदी लाभली. या पेठेच्या वाट्याला मात्र काठची सखल जमीन आणि परमुलखातून येणारा रस्ता एवढेच आले. या वाटणीतच फ्रँकवेलचा सारा इतिहास साठवलेला आहे, असे मला वाटते.

नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून येथे एखादी विहीर असावी, असा तर्क सहज संभवतो; परंतु मध्ययुगीन दस्तऐवजांत ‘फ्रँकव्हिल’ असे रूप आढळते, म्हणजे मूळ शब्द वस्तीवाचक आहे. वेल्समधून लोकरी कापड, गुरे आणि माणसे या मार्गाने येत, आणि ‘वेल्श ब्रिज’ ओलांडून बाजारात शिरत. १५९६ साली बांधलेल्या बाजार-इमारतीच्या माडीवर कापडाचे सौदे होत. नदीतून वर येणाऱ्या ‘ट्रो’ नावाच्या सपाट बुडाच्या नौका मात्र धक्क्यालाच लागत. जुन्या पुलाऐवजी आजचा पाच कमानींचा पूल १७९५ साली पुरा झाला, आणि पुढे अभियंता टेलफर्डने आखलेला लंडन-होलीहेड हमरस्ताही याच पेठेतून गेला. वाटसरूंच्या राबत्यावर पोसलेल्या रस्त्यावर जुन्या लाकडी चौकटींची घरे अद्याप उभी आहेत. कसब्याच्या चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रज फौजेचा जो सेनानी, तोच १७६१ पासून श्रूझबरीचा पार्लमेंटातील प्रतिनिधी आणि १७६२ साली तेथील नगराध्यक्ष झाला. तेव्हा या दूरच्या बाजारगावाचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. अशा तालेवारांचे वाडे मात्र टेकडीवर. नदीपारच्या पेठेला त्या वैभवाचे दर्शन दुरूनच.

पण फ्रँकवेलची खरी ओळख पाण्याने होते. सेव्हर्न ही ब्रिटनमधील सर्वांत लांब नदी, सुमारे ३५४ किलोमीटरची. तिचा उगम वेल्सच्या प्लिनलिमन पर्वतावर. व्हर्नवी नदीही तेथल्याच डोंगरांचे पाणी घेऊन श्रूझबरीच्या वरच्या अंगाला तिला मिळते, त्यामुळे गावात लख्ख ऊन पडलेले असताना, डोंगरात आधी कोसळलेल्या पावसाचा लोंढा वळणावळणाने पुढे सरकत पेठेच्या उंबरठ्याशी येऊन ठेपतो. १९४७ चा पूर थोरांच्या स्मरणात राहिला, आणि २००० च्या शरदात तर पाणी पुनःपुन्हा आले. त्यानंतर, २००३ साली, येथे पूर-संरक्षणाची व्यवस्था पुरी झाली. तिचा एक भाग कायमच्या भिंतींचा, दुसरा उचलून ठेवण्याजोगा: काठावर जमिनीत आधीच पाया घालून ठेवलेला असतो, पाणी चढणार अशी सूचना येताच त्यावर खांब बसवतात, खांबांच्या खाचांतून ॲल्युमिनियमच्या फळ्या एकीवर एक सरकवीत नेतात, आणि फटी रबरी पट्ट्यांनी बंद करतात. पूर ओसरला की फळ्या निघतात आणि नदी पुन्हा दिसू लागते. नदीला कायमची नजरेआड न करता पुरापुरतीच अडवणारी ही योजना मला फार शहाणपणाची वाटते.

धक्क्यापासून रस्ता चढू लागला की थोड्याच अवधीत सृष्टी पालटते. ‘माउंट’ नावाच्या त्या चढणीवर, नदीकाठच्या कड्यावर, डॉक्टर रॉबर्ट डार्विन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घर बांधले, आणि १२ फेब्रुवारी १८०९ रोजी तेथे चार्ल्स डार्विनचा जन्म झाला. घरामागे काठाच्या उतारावर डॉक्टरांनी फिरण्यासाठी एक पायवाट आखून घेतली होती. खाली जे पाणी पेठेतल्या लोकांच्या घरांत शिरे, तेच या वाटेवरून झाडांमधून चमकताना दिसे. बागेतल्या अवजारांच्या खोलीत चार्ल्स आणि त्याचा भाऊ रसायनांचे प्रयोग करीत.

चार्ल्सची शाळा नदीच्या पलीकडे, किल्ल्याजवळ होती, आणि तो तेथेच वसतिगृहात राहत असे. परंतु हजेरी आणि दाराला कुलूप लागण्याची वेळ यांच्यामध्ये जो अवकाश मिळे, त्यात तो मैलाहून अधिक अंतर तोडून घरी येई, थोडा वेळ थांबे, आणि परत धावत सुटे: माउंटचा उतार, पेठेतली लाकडी घरे, मग पूल, आणि समोर कसब्याची चढण.