वैमानिक राहतो कुठं?

मंडळी, खासगी वैमानिकाचा परवाना घेण्यासाठी आपला मुलगा जुलैत अमेरिकेला निघाला, असं धरा. आता तो राहतो कुठं? प्रश्न साधा, उत्तरं मात्र तीन.

बँकेच्या लेखी तो अनिवासी. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्यांना अनिवासी समजावं, असं रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्येच स्पष्ट केलं. म्हणून त्याचं इथलं बचत खातं ‘एनआरओ’ करून घ्यावं लागतं.

आयकर खातं दिवस मोजतं. त्या आर्थिक वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले, की तो निवासीच! एप्रिल ते जून हेच ९१ दिवस झाले. तेव्हा अमेरिकेत उघडलेलं बँक खातंही इथल्या विवरणपत्रात दाखवायचं.

दिवस अमेरिकाही मोजते. पण विद्यार्थी-व्हिसावरचे दिवस साधारणपणे पहिली पाच वर्षं ती धरत नाही.

थोडक्यात, एका दारी दिलेलं उत्तर दुसऱ्या दारी चालत नाही. वैमानिक उड्डाणाचे तास लॉगबुकात टिपतो, तसेच देशातले-परदेशातले दिवसही टिपावेत. आणि निघण्यापूर्वी बँकेला कळवायला विसरू नये.