मुलाखतीतील उत्तर आणि कथनाची रचना

नोकरीसाठी घेतल्या जाणाऱ्या मुलाखतीत उमेदवाराच्या गुणांची परीक्षा होते, हा समज सर्वांशाने बरोबर नाही. गुण हे डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती कृती. म्हणून निवड समिती “आपण कसे आहात?” असे न विचारता “अमुक अडचण आली तेव्हा आपण काय केले?” असे विचारते. या प्रश्नाचे उत्तर वर्णनाने देता येत नाही. ते कथनानेच द्यावे लागते.

या प्रश्नपद्धतीचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. अमेरिकन लष्कराच्या हवाई दलासाठी वैमानिकांची निवड करताना, “चांगला वैमानिक” या मोघम शब्दांऐवजी यशापयशाचे प्रत्यक्ष प्रसंग गोळा करण्याची रीत मानसशास्त्रज्ञांनी अवलंबिली. जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये तिचे ‘निर्णायक प्रसंगांची पद्धती’ म्हणून शास्त्रीय विवेचन केले. पुढे 1982 मध्ये टॉम जान्झ यांनी गतकालीन वर्तनावर आधारलेल्या मुलाखतीचा पुरस्कार केला. सर्व उमेदवारांना ठराविक प्रश्न विचारून ठराविक कसोट्यांवर उत्तरे तपासली, तर निवड अधिक विश्वसनीय ठरते. पॉल सॅकेट व त्यांचे सहकारी यांच्या 2022 मधील विश्लेषणात अशा सुघटित मुलाखतीचा पुढील कामगिरीशी सहसंबंध सरासरी 0.42, तर स्वैर मुलाखतीचा 0.19 आढळला.

तथापि प्रश्न प्रसंगाचा असला तरी उत्तर प्रसंगाचे मिळतेच असे नाही. एड्रियन बॅंगर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. अशा प्रश्नांना खरीखुरी कथनात्मक उत्तरे चौथ्या हिश्श्याहूनही कमी वेळा मिळाली होती. उरलेल्या उत्तरांत स्वतःचे वर्णन, मते, अथवा “अशा वेळी मी नेहमी असे करतो” या प्रकारची सर्वसाधारण विधाने होती.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ग्रंथालयातील पदासाठी आलेली उमेदवार म्हणते, “संकटात मी डगमगत नाही.” हे विधान खरे असेलही, पण ते कोणीही करू शकतो. तीच उमेदवार सांगते : “पावसाचे पाणी ग्रंथभांडारात शिरले. ग्रंथपाल रजेवर होते. मी प्रथम दाखल-नोंदवही हलविली. कारण तिच्यावाचून नुकसानीची मोजदादच झाली नसती. नंतर दोन शिपायांच्या साहाय्याने खालच्या फळ्या रिकाम्या केल्या. सहा पुस्तके गेली, उरलेली वाचली.” येथे “प्रथम नोंदवही” या एका निर्णयात तिची कामाची जाण प्रकट होते. ती वेगळी सांगावी लागत नाही.

अशा उत्तराचे परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि फलित असे चार भाग सामान्यतः शिकविले जातात. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वालेट्झ्की यांनी 1967 मध्ये मौखिक कथनाची जी रचना मांडली, तिच्यात आणखी एक अंग आहे : मूल्यांकन, म्हणजे हा प्रसंग सांगण्याजोगा का आहे याचा निर्देश. वरील उत्तरातील “कारण” या शब्दाने सुरू होणारे उपवाक्य तेच कार्य करते. ते गाळले तर कृती उरते, पण तिच्यामागील विचार हरपतो.

मराठी भाषकाच्या वाटेत येथे एक विशेष अडचण आहे. “काम पूर्ण करण्यात आले” ही कार्यालयीन वाक्यरचना कर्त्याला झाकते. आणि “आम्ही केले” ही विनयाची रीत त्याला समूहात मिसळून टाकते. आत्मस्तुती टाळण्याचा हा संस्कार इतरत्र शोभून दिसतो. परंतु समितीला नेमके याच उमेदवाराने काय केले, हे जाणावयाचे असते. ते न कळल्यास कर्तबगार पण संकोची उमेदवार मागे पडतो आणि केवळ वाचाळ पुढे जातो. “आम्ही तिघे होतो, यादी मी केली” असे म्हणण्यात गर्व नाही, तो श्रमांचा प्रामाणिक हिशेब आहे.

कथन म्हणजे कल्पित कथा नव्हे, हेही ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. जाणता परीक्षक “त्यानंतर काय झाले?”, “विरोध कोणी केला?” असे उपप्रश्न विचारतो. घडलेल्या प्रसंगाचा तपशील स्मरणातून येतो. रचलेल्याचा तपशील प्रत्येक वेळी नव्याने रचावा लागतो. म्हणूनच मुलाखतीची पूर्वतयारी म्हणजे उत्तरे पाठ करणे नव्हे. स्वतःच्या कामातील पाचसहा प्रसंग आठवून, प्रत्येकात आपण कोणता निर्णय घेतला आणि तो का घेतला, हे स्वतःशी स्पष्ट करून घेणे होय.