सुकाणू आणि यंत्र यांची जोडी

आम्हा रामनगरच्या विद्यार्थ्यांना समुद्र दूरचा वाटतो. परंतु आमच्याच जोयडा तालुक्यात उगम पावणारी काळी नदी कारवारजवळ त्यास मिळते. वर सुपा धरणाने अडविलेली ही नदी मुखापाशी, सदाशिवगडाच्या पायथ्याशी, भरती-ओहोटीच्या अधीन होते. तेथे शिडाच्या होडीवर कोणता प्रसंग येऊ शकतो व त्यावर उपाय कोणता, ते आपण पाहू.

समजा, ओहोटी लागली आहे, वारा पडला आहे आणि होडी प्रवाहाबरोबर पुलाच्या खांबांकडे वाहत आहे. तांडेल सुकाणू फिरवितो, पण होडी वळत नाही! कारण सुकाणूच्या फळीवरून पाणी वाहू लागले, तरच ती होडीची पिछाडी बाजूस ढकलू शकते. होडी आणि पाणी एकाच वेगाने चालले, की सुकाणू निर्बल होते.

अशा वेळी पिछाडीस बाहेरून अडकविलेले यंत्र उपयोगी पडते. अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी अशी यंत्रे १९०९ साली विक्रीस आणली. यंत्राचा पंखा पाणी मागे लोटतो व होडी पुढे जाते. यंत्रच तिरपे केले, तर पिछाडी तत्काळ बाजूस सरते. मात्र ते सरळ घट्ट बसविले, तर शेजारच्या सुकाणूवर पंख्याचे पाणी पडत नाही आणि होडीस वेग येईपर्यंत वळण मिळत नाही.

म्हणून दोहोंना एका दांडीने जोडतात. सुकाणू व यंत्र यांच्या आसांपासून समान अंतरावर दांडीची टोके बसवावीत आणि तिची लांबी दोन आसांमधील अंतराइतकी ठेवावी. म्हणजे समांतरभुज चौकोन तयार होतो, आणि सुकाणू २० अंश वळले, की यंत्रही तितकेच वळते. भूमितीच्या तासाला फळ्यावर काढलेली आकृती येथे होडी वळविते!

तथापि काही दक्षता घेतली पाहिजे. दांडीचे सांधे सर्व बाजूंना हलणारे असावेत. धक्क्यास बांधलेल्या होडीत, यंत्र बंद ठेवून, सुकाणू दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहावे; पंखा फळीस लागता कामा नये. शिडावर चालताना यंत्र पाण्याबाहेर उचलावे लागते. त्यापूर्वी दांडी सोडविली नाही, तर सुकाणूच अडकून बसेल. म्हणून ती एका खिळीने जोडावी आणि ती खिळी हाताने सहज निघावी. जोडणी पक्की हवी, पण प्रसंगी ती क्षणात सुटलीही पाहिजे; होडीतील माणसांचे प्राण या दोन्ही गोष्टींवर अवलंबून असतात.