एकाच क्षणी

लग्नमंडपात सर्वांच्या हाती अक्षता असतात, मंगलाष्टके संपत येतात आणि ठरलेल्या क्षणी अंतरपाट दूर होतो. हा क्षण पूर्वी घटिकापात्राने मोजीत. तांब्याच्या लहानशा वाटीच्या बुडाला बारीक छिद्र असे. वाटी पाण्यावर ठेवली की छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे आणि चोवीस मिनिटांनी ती भरून बुडे. हीच एक घटका. ‘घटका भरली’ असे आपण आजही म्हणतो, ते या वाटीचीच आठवण देते.

दिवस व रात्र मिळून अशा साठ घटका होत. त्या सूर्योदयापासून मोजीत आणि सूर्य तर सर्व गावी एकदम उगवत नाही. मुंबईच्या व पुण्याच्या माध्यान्हीत सुमारे चार मिनिटांचे अंतर आहे. प्रत्येक गावाचा क्षण असा त्या गावापुरताच होता, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नव्हते. बैलगाडीने घाट चढून जाणाऱ्यास चार मिनिटांचा फरक कसा जाणवावा?

पुढे आगगाडी आली. १८५३ साली ती बोरीबंदराहून ठाण्यास गेली. १८५५ साली तारायंत्र जनतेस खुले झाले आणि १८७० साली समुद्राच्या तळावरून टाकलेल्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. ज्या बातमीला आगबोटीने कित्येक आठवडे लागत, ती आता काही तासांत येऊ लागली. एकाच रुळावरून समोरासमोर दोन गाड्या यावयाच्या, तर दोन्ही स्टेशनांवरील घड्याळे जुळलीच पाहिजेत. नाही तर अनर्थ ठरलेला. म्हणून रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या वेळेपुढे तीस मिनिटे होती. शहरातील घड्याळ पाहून निघालेल्या मुंबईकराची गाडी चुकली, तर दोष त्याचा की घड्याळाचा?

अखेर १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या देशासाठी एकच प्रमाण वेळ ठरविली. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२½ अंश पूर्व रेखावृत्तावरील ही वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. मुंबईची घड्याळे त्यामुळे एकोणचाळीस मिनिटे पुढे न्यावी लागणार होती. कागदावर ही गोष्ट सोपी दिसते. परंतु गिरणीत राबणाऱ्या माणसाचा दिवस भोंग्याने सुरू होई. नव्या वेळेप्रमाणे भोंगा वाजला, की त्याला एकोणचाळीस मिनिटे आधी, अधिकच अंधारात उठावे लागणार. त्याच जानेवारीत एका गिरणीतील कामगारांनी काम करण्याचे नाकारले आणि दगडफेकही झाली. दगडफेकीचे समर्थन करता येणार नाही. पण आपली झोप आणि आपला सूर्योदय कोणी दुसऱ्याने न विचारता हलवावा, याचा संताप त्यांना आला होता, हे समजण्यासारखे आहे. शहराच्या नगरपालिकेनेही जुनी ‘मुंबई वेळ’ सोडली नाही. रेल्वे व तारखाते एका वेळेने चाले, नगरपालिकेचा कारभार दुसऱ्या वेळेने. आणि हा दुहेरी संसार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. ‘कोणत्या वेळेने?’ असे विचारल्यावाचून भेट ठरविणे कठीण होते.

पुढे तारही मागे पडली आणि २०१३ साली ती सेवा बंद झाली. आता देशाची वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील अणुघड्याळे ठरवितात. सिझियमच्या अणूशी निगडित ९,१९,२६,३१,७७० कंपनांना लागणारा काळ म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ साली झाली. एवढी काटेकोर मोजणी साधली, तरी दूरची घटना ‘त्याच क्षणी’ दिसते असे मात्र नाही. पुष्कळसे दूरचित्रवाणी कार्यक्रम पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत येतात. प्रकाशाच्या वेगाने वर जाऊन खाली येण्यास संदेशास जवळजवळ पाव सेकंद लागतो. चित्रांचे संकेत बनविण्यात आणि ते पुन्हा उलगडण्यात आणखी काही सेकंद जातात. प्रत्येक घरी हा विलंब सारखा नसतो. म्हणून क्रिकेटचा सामना रंगात आला असता शेजारच्या घरातून ‘बाद! बाद!’ असा गलका ऐकू येतो, आणि इकडच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच येत असतो.