ताऊलचं सांत क्लिमेंत

कातालोनियातल्या पिरेनीज पर्वतात, बोई खोऱ्यातलं हे दगडी चर्च. १० डिसेंबर ११२३ रोजी त्याचा अर्पणविधी झाला. तशी नोंद आतल्या खांबावर रंगवलेली होती. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर डाव्या हातात उघडा ग्रंथ घेतलेला ख्रिस्त, अलीकडच्या कमानीत सात डोळ्यांचं कोकरू, असं चित्र होतं. त्यातला निळा रंग पिरेनीजमध्ये मिळणाऱ्या एरिनाइट खनिजाचा. शेजारच्या प्रदेशातल्या मूर गावची अशीच चित्रं विकली जाऊन बोस्टनला गेली. ताऊलची तरी वाचावीत म्हणून सरसाने कापड चिकटवून रंगाचा थर १९२०च्या सुमारास अलगद सोलून बार्सेलोनाला नेला. हा निर्णय योग्यच होता. मूळ चित्र तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. पण सहा मजली घंटामनोऱ्यासाठी ताऊललाही जाच.