येलेना मुखिना : विजेतेपद, अपघात आणि वारसा

प्रस्तावना :
जिम्नॅस्टिक्समध्ये खेळाडूचे मोठेपण बहुधा पदकांच्या संख्येवरून ठरविले जाते. लारिसा लातिनिना हिची १८ ऑलिंपिक पदके हे त्याचे ठळक उदाहरण होय. तथापि एकही ऑलिंपिक पदक नसलेल्या येलेना मुखिना या रशियन खेळाडूचा वारसा तितकाच विचारणीय आहे. तिच्या कारकिर्दीचा आणि तिच्या अपघातातून पुढे आलेल्या प्रश्नांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कारकीर्द :
मुखिनाचा जन्म १ जून १९६० रोजी मॉस्को येथे झाला. बालपणीच आईचे छत्र हरपल्याने आजीने तिचा सांभाळ केला. पुढे मिखाईल क्लिमेन्को हे तिचे प्रशिक्षक झाले. पुरुष खेळाडूंना शिकविण्याचा अनुभव असल्याने त्यांनी पुरुषांच्या अवघड क्रिया तिच्या सरावात आणल्या. १९७७ मध्ये प्राग येथील युरोपीय स्पर्धेत नादिया कोमानेचीनंतर तिने सर्वसाधारण रौप्यपदक मिळविले. १९७८ मध्ये स्ट्रासबूर्ग येथील जागतिक स्पर्धेत नेली किम व कोमानेची यांना मागे टाकून ती सर्वसाधारण विजेती ठरली. त्याच स्पर्धेत तिने सांघिक सुवर्ण, फ्लोअरचे विभागून सुवर्ण, तसेच बार्स व बीमवरील रौप्यपदके पटकावली. फ्लोअरवरील पूर्ण गिरकीसह मागे घेतलेली दुहेरी कोलांटउडी आजही तिच्याच नावाने ओळखली जाते.

अपघात :
१९७९ मध्ये तिचा पाय मोडला आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेस ती मुकली. तेथे सोव्हिएत महिला संघास रुमानियाकडून पराभव पत्करावा लागला. परिणामी मॉस्को ऑलिंपिकपूर्वी विजयाचा दबाव वाढला आणि पाय पूर्ववत होण्याआधीच तिचा सराव सुरू झाला. अमेरिकन खेळाडू कर्ट थॉमस याच्या नावाने ओळखली जाणारी ‘थॉमस साल्टो’ ही क्रिया तिच्या फ्लोअर रचनेत समाविष्ट होती. या क्रियेत खेळाडू दीड गिरकी आणि पावणेदोन कोलांट्या घेऊन पायांवर न उतरता हातांवरून लोळण घेत जमिनीवर येतो. उडीस पुरेशी उंची मिळाली नाही, तर सारा आघात हनुवटी व मानेवर होतो. दुखावलेल्या पायाने ती उंची मिळणे कठीण होते. क्रियेतील धोक्याविषयी आपण सांगितले होते, परंतु ते गांभीर्याने घेतले गेले नाही, असे तिने नंतर नमूद केले. ३ जुलै १९८० रोजी मिन्स्क येथे सरावात ती हनुवटीवर आदळली, मानेचा मणका मोडला आणि तिचे चारही अवयव निकामी झाले. त्या वेळी प्रशिक्षक तेथे उपस्थित नव्हते. ऑलिंपिकच्या उद्घाटनास केवळ सोळा दिवस उरले होते. पुढील सव्वीस वर्षे अंथरुणाला खिळून राहिल्यावर २२ डिसेंबर २००६ रोजी तिचे निधन झाले.

वारसा :
महिलांच्या स्पर्धेत ही क्रिया पुढे निषिद्ध ठरली. पुरुषांसाठी मात्र अशा लोळणयुक्त क्रियांवर बंदी येण्यास २०१७ ची नियमावली यावी लागली. अवघडपणास अधिक गुण देण्याची पद्धती आणि सुरक्षितता यांतील संघर्ष मात्र संपलेला नाही. येलेना प्रोदुनोव्हा या रशियन खेळाडूच्याच नावाने ओळखली जाणारी जोखमीची व्हॉल्ट करून दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चौथी आली, तेव्हा भारतातही हाच प्रश्न चर्चिला गेला. नंतरच्या नियमावलीत त्या व्हॉल्टचे गुणमूल्य कमी करण्यात आले.

समारोप :
१९८८ मध्ये ‘अगान्योक’ या साप्ताहिकास दिलेल्या मुलाखतीत मुखिनाने केवळ प्रशिक्षकास दोष दिला नाही. आपली तयारी नाही हे आसपासच्या सर्वांना दिसत होते, तरीही ते तटस्थ राहिले व गप्प बसले, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. धोकादायक क्रियेवर बंदी घालणे हे नियमावलीचे काम आहे. परंतु समोरचा विद्यार्थी आज त्या क्रियेसाठी सिद्ध आहे किंवा नाही, हे नियमावली सांगू शकत नाही. ते ओळखून वेळीच ‘थांब’ म्हणण्याचे दायित्व शिक्षकाचेच असते आणि मुखिनाच्या जीवनाचा आपल्यासाठी हाच खरा बोध होय.