टर्बो एंजिनातील प्रतिस्फोट व अस्थिर मंद चाल

पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांच्या मिश्रणाचे ज्वलन सिलिंडरात होण्याऐवजी अंतर्ग्रहण नळीत किंवा निष्कास नळीत झाले म्हणजे जो धडाका ऐकू येतो, त्याला प्रतिस्फोट म्हणतात. गाडी उभी असताना वेगवर्धक पट्टी न दाबता एंजिन ज्या संथ गतीने (बहुधा मिनिटास ७०० ते ९०० फेरे) फिरत राहते, ती त्याची मंद चाल होय. ही चाल एकसारखी न राहता फेरे वरखाली होणे, एंजिन थरथरणे किंवा मध्येच बंद पडणे या दोषास अस्थिर मंद चाल म्हणतात. कारागिरांच्या बोलीत हे दोष ‘बॅकफायर’ व ‘मिसिंग’ या नावांनी ओळखले जातात. टर्बोचार्जर बसविलेल्या क्रीडा मोटरगाडीत ते पुष्कळदा एकत्र आढळतात आणि त्या वेळी दोहोंच्या मुळाशी बहुधा एकच कारण असते. ते न शोधता एकामागून एक भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो, दोष मात्र तसाच राहतो. काही प्रसंगी तर एंजिनच निकामी होते.

टर्बोचार्जरचे वैशिष्ट्य : निष्कास वायूंच्या जोरावर टर्बाइन फिरवून तिच्याच दंडावरील संपीडकाने एंजिनात अधिक हवा भरण्याची कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी १९०५ मध्ये मांडली. विक्रीसाठी तयार केलेल्या मोटरगाड्यांत तिचा वापर अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्डस्मोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांत झाला. यूरोपात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३) व पोर्श ९११ टर्बो (१९७५) या गाड्यांनी ती रूढ केली.

साध्या एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीतील दाब बाहेरील वायुदाबापेक्षा नेहमी कमी किंवा फार तर त्याच्याइतका असतो. टर्बो एंजिनाच्या नळीत मात्र मंद चालीत सु. ०·६ बार इतका ऋण दाब, तर पूर्ण भाराखाली बाहेरच्यापेक्षा सु. १ बार अधिक दाब असू शकतो. म्हणून नळीला पडलेले एकच छिद्र मंद चालीत हवा आत ओढते व भाराखाली तीच बाहेर फेकते. टर्बो एंजिनाच्या निदानाची गुरुकिल्ली या उलटापालटीत आहे.

प्रतिस्फोटाचे प्रकार : पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ भाग हवेस १ भाग इंधन लागते. इंधन याहून कमी असल्यास मिश्रण क्षीण व अधिक असल्यास समृद्ध म्हटले जाते. फार क्षीण मिश्रण सावकाश जळते. अंतर्ग्रहण झडप पुन्हा उघडेपर्यंत ज्योत विझलेली नसल्यास ती नळीत शिरते व पुढच्या बाजूस धडाका होतो. पोर्श ९११ च्या १९७० नंतरच्या दशकातील टर्बोविरहित प्रतिकृतींमध्ये अशा धडाक्याने प्लॅस्टिकची हवापेटी फुटत असे. म्हणून अनेक मालक तिच्यावर दाब मोकळा करणारी झडप बसवून घेत.

निष्कास नळीतील धडाक्यास तीन गोष्टी लागतात : न जळलेले इंधन, ऑक्सिजन व उष्णता. एखाद्या सिलिंडरात ठिणगी चुकली की पहिल्या दोन गोष्टी एकदमच नळीत येतात आणि शेजारच्या सिलिंडरातून येणारे तप्त वायू किंवा टर्बाइनचे लाल झालेले आवरण त्यांना पेटविते. ठिणगी चुकण्याचे कारण बिघडलेले प्रज्वलन किंवा अतिसमृद्ध मिश्रण यांपैकी कोणतेही असू शकते. म्हणून धडाका पुढून येतो की मागून, हा निदानातील पहिला प्रश्न होय.

गळतीचे स्थान व तिची लक्षणे : आधुनिक एंजिनात इलेक्ट्रॉनीय नियंत्रक हवेचे मापन करून त्या प्रमाणात इंधन सोडतो. हवाप्रवाह प्रत्यक्ष मोजणाऱ्या पद्धतीचे परिचित उदाहरण म्हणजे मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ही जपानी गाडी (१९९२–२०१६). तिच्या पहिल्या नऊ आवृत्त्यांत १,९९७ घ. सेंमी. क्षमतेचे ४जी६३ एंजिन होते व हवागाळणीजवळील मापक हवेत उमटणारे कार्मान भोवरे मोजून प्रवाह ठरवीत असे. अशा गाडीत मापकाच्या पुढे कोठेही गळती झाली, तर मोजलेली हवा व सिलिंडरात गेलेली हवा यांचा मेळ राहत नाही. तीन स्थाने वेगळी ओळखता येतात.

(१) मापक व संपीडक यांच्यामध्ये : येथे सदैव चोषण असल्याने न मोजलेली हवा आत येते व मिश्रण सर्व स्थितींत क्षीण होते. (२) संपीडक व थ्रॉटल झडप यांच्यामध्ये, उदा., हवा थंड करणाऱ्या शीतकाच्या रबरी जोडांत : मंद चालीत येथील दाब बाहेरच्याइतकाच असल्याने दोष फारसा जाणवत नाही, भाराखाली मात्र मोजलेली हवा निसटते, मिश्रण समृद्ध होते, काळा धूर येतो व मागे धडाके होतात. (३) थ्रॉटल झडपेच्या पलीकडे, उदा., नळीच्या गास्केटात किंवा ऋण दाबाच्या बारीक नळीत : मंद चाल क्षीण मिश्रणाने अस्थिर होते आणि भाराखाली मिश्रण समृद्ध होते. दोन्ही तक्रारी एकत्र असताना संशय प्रथम या तिसऱ्या स्थानावर घ्यावा लागतो.

थ्रॉटल एकदम मिटल्यावर कोंडलेला दाब मोकळा करणारी झडप मूळ रचनेत ती हवा संपीडकाच्या मुखाकडे परत पाठविते. हौसेखातर आवाजासाठी ही हवा बाहेर सोडणारी झडप बसविल्यास, आधीच मोजलेली हवा निघून जाते. तिच्यासाठी सोडलेले इंधन मात्र राहते. परिणामी वेग कमी करताना धडाके होतात व एंजिन बंद पडू पाहते. हा दोष भागाचा नसून निवडीचा असतो.

काही एंजिनांत प्रवाहाऐवजी नळीतील दाब मोजून हवेचे गणित केले जाते. तेथे थ्रॉटलपलीकडील गळती नियंत्रकाला दाबाच्या रूपाने कळते; त्यामुळे मिश्रण फारसे बिघडत नाही, परंतु मंद चालीचे फेरे वाढतात किंवा वरखाली होतात. म्हणून गाडीची मापनपद्धती जाणल्याशिवाय वरील नियम लावू नयेत.

इंधनदाबाचा दोष : अंतर्ग्रहण नळीत इंधन फवारणाऱ्या अनेक टर्बो एंजिनांत दाबनियामक इंधन व नळीतील हवा यांच्या दाबांतील फरक सु. ३ बार इतका कायम राखतो. यासाठी त्याला नळीतील दाब एका बारीक रबरी नळीतून मिळतो. त्याऐवजी बाहेरचा वायुदाब मिळू लागला, तर मंद चालीत फरक ३·६ बार होतो व इंधन सु. १० टक्के अधिक जाते. १ बार भरणदाबाखाली फरक २ बारवर उतरून इंधन सु. १८ टक्के कमी पडते. हे चित्र तिसऱ्या प्रकारच्या गळतीच्या नेमके उलट आहे : मंद चाल समृद्ध, भाराखाली क्षीण. वरवर लक्षणे सारखी वाटली, तरी धोका येथे अधिक आहे. भाराखालील क्षीण मिश्रणामुळे अधिस्फोटन होऊन दट्ट्याचा माथा वितळू शकतो. म्हणून अस्थिर मंद चाल किरकोळ समजून गाडी वेगाने पळविणे हितावह नसते.

प्रज्वलनाचे दोष : वायूचा दाब वाढला की ठिणगी उडण्यास अधिक विद्युत् दाब लागतो, हा संबंध फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखविला. त्यामुळे टर्बो एंजिनात ठिणगी-गुडदीच्या, म्हणजेच प्लगच्या, टोकांतील अंतर बहुधा ०·७ ते ०·८ मिमी. इतके कमी ठेवतात. ते झिजून वाढल्यास किंवा प्रज्वलन वेटोळे दुर्बल झाल्यास भाराखाली ठिणगी चुकते. दंतुर पट्टा एखादा दात सरकल्यास झडपांची वेळ चुकून मंद चाल व प्रतिस्फोट दोन्ही उद्भवतात. ४जी६३ एंजिनात पट्टा तुटल्यास झडपा दट्ट्यावर आपटतात; त्यामुळे ही शंका येताच एंजिन फिरविणे थांबवावे.

निदानाचा क्रम : प्रथम दोष केव्हा दिसतो – थंड की तापलेल्या एंजिनात, उभ्या गाडीत की भाराखाली – याची नोंद करावी. नंतर नियंत्रकातील दोषसंकेत वाचावेत. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत ही सोय सक्तीची आहे. तीत पी०३०० हा संकेत निरनिराळ्या सिलिंडरांत ज्वलन चुकल्याचे, तर पी०१७१ हा मिश्रण क्षीण असल्याचे दर्शवितो. या दुसऱ्या संकेताविषयी सावधगिरी हवी. ज्वलन चुकलेल्या सिलिंडरातील न वापरलेला ऑक्सिजन निष्कास संवेदकापर्यंत पोहोचला की मिश्रण क्षीण नसतानाही तो तसे सांगतो, आणि नियंत्रक उगाच अधिक इंधन सोडतो. म्हणून आधी ठिणगी निर्दोष असल्याची खात्री करावी. एकेका सिलिंडराचे प्रज्वलन तोडून पाहिल्यास, ज्याच्या तोडण्याने चालीत फरक पडत नाही तो सिलिंडर दोषी ठरतो.

त्यानंतर एंजिन बंद ठेवून संपीडकाच्या मुखाशी टोपण बसवावे, नेहमीच्या भरणदाबाहून कमी दाबाची हवा सोडावी व जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे गळती दाखवितात. तप्त टर्बाइनजवळ ज्वालाग्राही द्रव फवारून गळती शोधण्याची रीत आगीस कारण होऊ शकते. शेवटी इंधनदाब व सिलिंडरांतील संपीडन मोजावे. नळीतील ऋण दाब समुद्रसपाटीवर सामान्यतः ४५० ते ५५० मिमी. पारा इतका असतो व दर ३०० मी. उंचीस सु. २५ मिमी. ने घटतो. पुण्यासारख्या सु. ५६० मी. उंचीवरील ठिकाणी मापक सु. ४५ मिमी. कमी दाखवील, तो दोष समजू नये.

हेतुपुरस्सर प्रतिस्फोट : १९९० नंतरच्या दशकात रॅली शर्यतींच्या गाड्यांत, वेगवर्धक सोडल्यावरही टर्बाइन फिरती राहावी म्हणून निष्कास नळीत मुद्दाम इंधन जाळीत. शर्यतीत टर्बाइन व नळ्या वारंवार बदलता येतात. रस्त्यावरच्या गाडीत हेच ज्वलन उत्प्रेरकी परिवर्तकाचा मृत्तिका गाभा वितळविते व टर्बाइनचे आयुष्य घटविते. प्रेक्षकांना आवडणारा तो धडाका रोजच्या गाडीत ऐकू आल्यास तो शक्तीचे नव्हे, तर तपासणीची वेळ आल्याचे चिन्ह समजावे.